टँडी ओढ्याकाठच्या एकेचाळीस कबरी

सोमवार, ८ सप्टेंबर २००३

आज दफ्तरखान्याच्या वाचनकक्षात एक म्हातारी आली. काळी, उंच, पांढरे हातमोजे, डोक्यावर चर्चला घालतात तसली हॅट — सोमवारी. मैत्रिणीच्या गाडीतून नव्वद मैल आली होती. मिसेस वर्दीन टॉलिव्हर, वय एकोणऐंशी. फॉर्मवर 'कोणती कागदपत्रं हवीत?' याच्यापुढे लिहिलं होतं — 'आमची माणसं'.

मी म्हटलं, जरा सविस्तर सांगा. मग बसल्या. त्यांच्या माउंट गिलियड चर्चचं जुनं कबरस्तान टँडी ओढ्याच्या काठी होतं. १९६१ साली राज्याच्या रस्ते खात्याने तिथून हमरस्ता काढला. खात्याने सांगितलं, एकेचाळीस कबरी उकरून रस्त्याच्या उत्तरेला नव्या जागी हलवल्या. तिथे सिमेंटचा एक दगडही बसवला. चाळीस वर्षं हे लोक त्या दगडापाशी फुलं ठेवतायत. आता तोच रस्ता चौपदरी व्हायचाय. ३० तारखेला जनसुनावणी आहे.

"मग शंका कसली आली तुम्हाला?"

"माती," त्या म्हणाल्या. "मी शेतात वाढले. उकरलेली जमीन दोन हिवाळ्यांत बसते. कबर तर खचतेच. उत्तरेकडची जागा इतक्या वर्षांत बोटभर खाली गेली नाही. तिथे कुणी नाहीये."

तेव्हाच का नाही विचारलंत, असं मी बोलून गेले. लगेच जीभ चावली.

त्या रागावल्या नाहीत. "एकसष्ट साली? मतदारयादीत नाव घालायला गेलेल्या काळ्या माणसाची नोकरी जायची आमच्याकडे. रस्ते खात्याला जाब विचारायला कोण जाणार?"

त्यांचे वडील तिथे आहेत. आणि अकरा महिन्यांची मुलगी. चर्चची नोंदवही होती, नावांसकट — ती चौसष्टमध्ये चर्चबरोबर जळली. 'चर्च जळलं' म्हणाल्या. कुणी जाळलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

एक आठवडा द्या म्हटलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

रस्ते खात्याचे सहाशे खोके आपल्या दफ्तरखान्यात १९७८ पासून पडून आहेत. यादी कुणी केलेली नाही. वीस वर्षं मी 'करायला हवी' म्हणतेय.

आज अठ्ठावीस उघडले. काही नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

सापडलं. खोका ३०७. पिवळा पडलेला एक पानी दाखला : 'टँडी ओढा येथील निग्रो कबरस्तानातील एकेचाळीस (४१) कबरी दि. १० ते १२ एप्रिल १९६१ रोजी उकरून उत्तरेकडील भूखंडात विधिवत हलवण्यात आल्या. माझ्या समक्ष.'

खाली सही. साइट इन्स्पेक्टर हॉलिस आर. मॅकनेअर.

माझे डॅडी.

त्यांनी खात्यात एकतीस वर्षं काढली, हे काय मला माहीत नव्हतं? पण सहाशे खोक्यांत त्यांची सही भेटेल असं कधी डोक्यातच आलं नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर हीच सही असायची. 'एच'ची मागची काठी खाली ओढलेली.

आधी बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवते. वाटलं — सही डॅडींची आहे ना, मग कबरी हलल्याच असणार. ते खोटी सही करणारच नाहीत. मिसेस टॉलिव्हरना तसं कळवावं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

नुसता दाखला दाखवून मोकळं होता येत नाही. त्याला आधार काय तेही बघायचं — नव्यांना मीच शिकवते हे. म्हणून इन्स्पेक्टरच्या रोजच्या कामाच्या डायऱ्या काढल्या. खोका ३११. कापडी पाठीची वही, पेन्सिलीने लिहिलेली. डॅडींचंच अक्षर.

१० एप्रिल — पाऊस. काम बंद.
११ एप्रिल — पाऊस. ओढा पुलावरून वाहतोय. माणसं घरी पाठवली.
१२ एप्रिल — उघाड. भरावाच्या चौसष्ट गाड्या आल्या. ओढ्याच्या दक्षिणेचा सखल भाग भरला. रोलर फिरवला.

पुढेमागे महिनाभर वाचलं. उकरण्याचं एक अक्षर नाही. नवी शवपेटी नाही, फावडी धरणारी माणसं नाहीत, पाद्री नाही. दक्षिणेचा सखल भाग — म्हणजे कबरस्तान.

त्यांनी त्या माणसांवर चौसष्ट गाड्या माती ओतली. आणि त्याच आठवड्यात त्या दाखल्यावर सही केली.

घरी आले तर डॅडी भेंडी तळत होते. "बर्टी, मीठ बघ जरा." मी बघितलं. बरोबर होतं.

रविवार, १४ सप्टेंबर

चर्चला गेलो. डॅडी माझ्या शेजारी बसून गायले.

सोमवार, १५ सप्टेंबर

क्रोलींनी केबिनमध्ये बोलावलं. लेस्टर क्रोली दफ्तरखान्याचे संचालक, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. टेबलावर रस्ते खात्याच्या वकिलांचं पत्र. टँडी ओढा प्रकल्पाचे सगळे खोके 'खात्यांतर्गत कामासाठी' परत हवेत. गुरुवारी चार वाजता गाडी येईल.

"परत कधी देणार?" मी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"सुनावणी तीसला आहे."

"मला वाचता येतं, रॉबर्टा." मग जरा नरमाईने, "कायद्याने कागद त्यांचेच. आपण राखणदार. मालकाने मागितले तर द्यायचे."

पण मालकाने नेईपर्यंत ते जनतेला खुले असतात, हाही कायदाच. ते मी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी आत्ताच गोदामाला कुलूप घातलं असतं.

मिसेस टॉलिव्हरना दोनदा फोन केला. कुणी उचलला नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज मी चोरी केली.

दुपारी जेवायच्या वेळी गोदामात कुणी नव्हतं. डायरी आणि दाखला दोन्ही कागदी पिशवीत घातले, सँडविचच्या खाली. बाहेर पडताना पहारेकरी म्हणाला, "लवकर निघालात?" म्हटलं, डोकं दुखतंय. दुखतच होतं. बावीस वर्षांत कागदाचा एक तुकडा मी बाहेर नेलेला नाही. एक जुनं पाकीट नेलं म्हणून एका प्राध्यापकाला पोलिसांत दिलंय मी.

डॅडी ओसरीवर बसले होते. मी दोन्ही त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चश्मा लावला, वाचलं. बराच वेळ. वही मिटली.

"हे बाहेर कसं आलं?"

"मी आणलं."

"परत ठेव. उद्याच्या उद्या. नोकरी जाईल तुझी."

"डॅडी, ही सही —"

"माझीच आहे."

"आणि डायरी?"

"तीही माझीच."

"मग दोन्हीतलं खरं काय?"

ते समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, गव्हर्नर शुक्रवारी रस्त्याच्या कामाची फीत कापायला येणार होते. पाऊस थांबत नव्हता. वरच्या साहेबाने दाखला टाइप करूनच आणला होता — सही कर नाहीतर तुझ्या जागी करणारा उद्या येईल. "तू तीन वर्षांची होतीस," म्हणाले.

"माझं नाव यात आणू नका."

"बरं."

कोण होती ती माणसं, मी विचारलं. नावं काय होती? कबरींवर पाट्या होत्या का?

"आठवत नाही," म्हणाले आणि उठून आत गेले.

वही या घरात असताना मला एक गोष्ट सुचली, ती इथे कबूल करते. चूल पेटलेली होती. ही एक वही गेली तर राहील फक्त दाखला — आणि दाखल्याप्रमाणे माझे वडील सज्जन आहेत. कुणाला कळलं नसतं. यादीच नाही. मीच केलेली नाही.

वही पिशवीत परत घातली. पिशवी उशाशी घेतली.

बुधवार, १७ सप्टेंबर

दोन्ही जागेवर ठेवलं. आठ वाजून पाच मिनिटांनी.

मिसेस टॉलिव्हरचा फोन अजून लागत नाही. चर्चच्या पाद्र्यांना गाठलं. ते म्हणाले, बहिणीकडे गेल्यात, तिचं ऑपरेशन झालंय. निरोप देतो म्हणाले. उद्या चारच्या आत स्वतः या, फोनवर मागून चालणार नाही, फॉर्म भरावा लागतो — तीनदा सांगितलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

क्रमानेच लिहिते.

सकाळपासून खोके चाकगाडीवर रचून ठेवले होते. अकरा खोके. क्रोली दोनदा येऊन मोजून गेले. बारा झाले, एक झाला, दोन झाले. प्रत्येक वेळी दार उघडलं की बघायची. एकदा वंशावळ शोधणारा, एकदा पोस्टमन.

तीनला दहा कमी असताना त्या आल्या. आज हॅट नव्हती. बहिणीला इस्पितळात सोडून आल्या होत्या. मी फॉर्म पुढे केला, कुठे काय लिहायचं ते बोट ठेवून दाखवलं. खोका ३०७. खोका ३११. दोन्ही टेबलावर आणले. मग म्हटलं, "वाचायच्या आधी एक सांगते. खाली जे नाव आहे, ते माझ्या वडिलांचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हयात आहेत?"

"आहेत."

"हं," एवढंच. आणि वाचायला लागल्या. १२ एप्रिलपाशी बोट थांबलं. ओठ हलत होते. भरावाच्या चौसष्ट गाड्या. मी खिडकीकडे बघितलं.

"सही-शिक्क्याच्या नकला हव्यात मला," त्या म्हणाल्या. पाद्र्यांनी पढवून पाठवलं असावं. साध्या झेरॉक्सला सुनावणीत किंमत नाही. दफ्तरखान्याचा शिक्का आणि 'ही मूळ कागदाची खरी नक्कल आहे' अशी अधिकाऱ्याची सही लागते. तो अधिकार दोघांनाच — क्रोली आणि मी.

झेरॉक्स काढतच होते तर क्रोली आले. टेबलावरचे खोके बघितले. म्हातारीला बघितलं.

"रॉबर्टा, हे गाडीवर असायला हवेत."

"चार वाजायचेत. फॉर्म भरलाय त्यांनी."

त्यांनी दाखला उचलला. सही वाचली. ते डॅडींना ओळखतात, मासे पकडायला एकत्र जायचे पूर्वी. चेहरा उतरला त्यांचा. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हा हॉलिस? मग तर तू सही करूच नकोस. उद्या म्हणतील, मुलीने केली."

"बरोबर आहे. मग तुम्ही करा."

पेन पुढे केलं मी. त्यांनी घेतलं नाही. घड्याळाकडे पाहिलं — तीन पस्तीस. मिसेस टॉलिव्हर बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मी थांबले आहे, साहेब. सवय आहे मला."

क्रोलींनी माझ्याकडे बघितलंच नाही. "मी खाली गाडीचं बघतो," म्हणाले आणि गेले.

मग मी सही केली. सात पानं, सात सह्या, सात शिक्के. एका पानावर वर हॉलिस मॅकनेअर, खाली रॉबर्टा मॅकनेअर. माझा 'आर' अगदी त्यांच्यासारखा आहे, आजवर लक्षात आलं नव्हतं.

चारला पाच कमी असताना त्या पाकीट घेऊन गेल्या. चार वाजता गाडी आली.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

क्रोली जिन्यात दिसले आणि दुसऱ्या दाराने गेले.

सोमवार, २२ सप्टेंबर

डॅडींना सांगितलं. जेवताना सांगायचं नाही असं ठरवलं होतं, जेवतानाच सांगितलं. ३० तारखेला मला सुनावणीत बोलावलंय, नकला खऱ्या आहेत हे शपथेवर सांगायला.

त्यांनी काटा खाली ठेवला. "सांगशील?"

"हो."

"नाव वाचून दाखवावं लागेल?"

"हो."

बराच वेळ मक्याच्या पावाचे तुकडे करत बसले. खाल्ला एकही नाही. मग म्हणाले, "तुझी आई असती तर तुला हे करू दिलं नसतं."

खरंय ते.

मंगळवार, ३० सप्टेंबर

शाळेचं जिमखाना सभागृह. दोनशेवर माणसं. एका बाजूला माउंट गिलियडची मंडळी, सगळे रविवारच्या कपड्यांत. दुसऱ्या बाजूला रुंद रस्ता हवा असलेले — ट्रकवाले, गिरणीवाले. खात्याची वकीलबाई पॅजेट, तरतरीत, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.

मी शपथ घेतली. तारखा वाचल्या, पाऊस वाचला. भराव वाचला. चौसष्ट हा आकडा दोनदा म्हणावा लागला.

पॅजेट उठल्या. "मूळ कागद आमच्याकडे आहेत. त्यात अशी डायरी आम्हाला आढळली नाही."

त्यांनी वही नाहीशी केली होती. किंवा सापडेल अशी ठेवली नव्हती. उरली होती फक्त माझी नक्कल.

"म्हणजे या नकलेला आधार तुमच्या सहीचा फक्त?"

"हो."

"लिहिणारा माणूस तुमचा कोण?"

"वडील."

"त्यांच्याशी तुमचं भांडण आहे?"

"नाही. मी त्यांच्याच घरात राहते. काल रात्रीचा स्वयंपाकही त्यांनीच केला."

कुणीतरी हसलं, लगेच थांबलं. मी म्हटलं, "मला ही वही जाळता आली असती. माझ्या हातात होती. खोटंच बोलायचं असतं तर मी वडिलांच्या बाजूने बोलले असते."

पॅजेट बसल्या.

सुनावणी घेणाऱ्या समितीने दोन तास लावले. निकाल — काम थांबवा, तज्ज्ञ बोलवा, खणून बघा.

बाहेर मिसेस टॉलिव्हर भेटल्या. आभार मानले नाहीत. माझा कोट सरळ केला, कॉलर आत गेली होती.

बुधवार, १ ऑक्टोबर

पेपरात डॅडींचं नाव. पहिल्या पानावर. त्यांनी पेपर पूर्ण वाचला, घडी घातली, माझ्या ताटाशेजारी ठेवला.

सोमवार, ६ ऑक्टोबर

माझी बदली तळघरात, मायक्रोफिल्मकडे. 'तात्पुरती.' खात्याने दहा खोके परत पाठवले. ३११ नाही. मी लेखी मागणी केली आहे. रोज करीन.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

डॅडी एकटेच ओसरीवर जेवतात. त्यांच्या जुन्या ऑफिसातला एकजण फोनवर मला म्हणाला, "बापाला म्हातारपणी हेच दिलंस?" मी फोन ठेवला. मग अर्धा तास तिथेच उभी होते.

हाच प्रश्न मीही विचारते आहे. पण सही परत घ्यावीशी वाटत नाही.

सोमवार, २० ऑक्टोबर

रजा काढून ओढ्यावर गेले. रस्त्याच्या दक्षिण कडेला चर खणायला सुरुवात. सकाळभर नुसता भराव — लाल माती, दगड. आधी उत्तरेकडची जागा तपासली होती, तिथे काहीच नाही. माउंट गिलियडची मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन बसलेली.

दुपारी दोनच्या सुमारास, चार फुटांखाली, मातीचा रंग बदलला. खणणाऱ्या बाईंनी हात वर केला. कबरीच्या मापाचा लांबट काळपट चौकोन, शेजारी दुसरा, मग एक अगदी छोटा.

मिसेस टॉलिव्हर त्या छोट्याकडे बघत उभ्या राहिल्या. "कुणाचाही असेल," त्या म्हणाल्या. "अशी सहा लेकरं होती तिथे. कोणतं कोणाचं, कसं कळणार आता?"

घरी येऊन डॅडींना एवढंच सांगितलं — सापडले. छोटा चौकोनही सांगितला. कुणाचा ते कळायला मार्ग नाही, हेही.

ते भिंतीकडे तोंड करून बसले.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

सदतीस कबरी झाल्या.

शनिवार, २५ ऑक्टोबर

उठले तर डॅडींचा पिकअप जागेवर नाही. साडेसातला फोन वाजला. मिसेस टॉलिव्हर.

"तुमचे वडील इथे आहेत. उजाडायच्या आधीच आले. एकसष्ट साली लाकडी पाट्या उपटून जाळायचं काम त्यांच्यावर होतं म्हणतात. प्रत्येक वाचली होती म्हणे, जाळायच्या आधी. चराच्या कडेने काठी टेकत चाललेत आणि नावं सांगतायत. ओळीने. माझ्या लेकीचं नाव मी सांगायच्या आधी सांगितलं."

बेचाळीस वर्षं. जेवताना, चर्चमध्ये गाताना, मला शाळेत सोडताना — एकेचाळीस नावं त्यांच्या तोंडात होती.

"तुम्ही... तुम्ही त्यांना काही बोललात?"

"माफ केलं की नाही, ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी नावं संपू देत. माझा हात थरथरतोय, अक्षर नीट उमटत नाही. तुम्ही लिहायला या."